खालचा क्रम

मांजरी गावाच्या पुढे, उसाला लागून उभ्या राहिलेल्या एका मोठ्या टाउनशिपमध्ये ड्रायव्हर नसलेल्या छोट्या गाड्या फिरू लागल्या आणि त्यांची देखरेख कंपनीने कल्याणी ओव्हाळवर सोपवली. आतल्या प्रत्येक चौकात खांबावर एक कंट्रोलर होता. चौकाजवळ आलेली गाडी त्याच्याकडे वाट मागायची, तो शेजारच्या चौकांतल्या कंट्रोलरना विचारायचा आणि कुणी पुढे जायचं ते क्षणात ठरायचं. जी आधी आली ती आधी गेली, इतका साधा नियम. या साधेपणावर कल्याणीचा जीव होता.

एप्रिलात तिला स्क्रीनवर दिसलं, की क्लबहाउसच्या चौकात सकाळी काही गाड्या उगाच खोळंबतात. समोर रस्ता मोकळा, तरी वाट मिळत नाही. कंट्रोलर बिघडला असेल म्हणून ती स्वतः बघायला गेली.

चौकात उन्हात एक गाडी उभी होती. आत घरकामाला निघालेल्या बायका. थांब्याशिवाय कुठेही गाडीचं दार उघडत नसे. पोळ्या करणाऱ्या सोजरबाईंना आत उलटी झाली होती आणि त्यांनी ती पदरात धरली होती. शेजारून रहिवाशांची गाडी सरकन निघून गेली. बंद काचेआडही एकाने नाकाला रुमाल लावला.

कल्याणीने किल्लीने दार उघडलं, आत बसून त्यांना पाणी दिलं. "रोज असंच होतं?"

"लई दिस झालं, असंच हाय. आमची गाडी थांबती, बाकीच्या जात्यात."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कुनाला सांगावं? गाडीत मानूस कुठं हाय?"

ऑफिसात तिचा वरिष्ठ रोहन कॉफी पीत होता. "फॉल्ट नाहीये तो," तो म्हणाला. "सेटिंग आहे. कामवाल्यांची गाडीत चढायची कार्डं वेगळी आहेत ना? गाडीत फक्त तीच असली, की तिला सगळ्यात खालचा क्रम. रहिवाशांच्या कमिटीने मागितलं, मी करून दिलं."

"मला न विचारता?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"आत कोंडलेली एक बाई ओकली, रोहन."

"अरे बापरे. सीट धुवायला सांगितलंस का?"

कल्याणीला त्याच्या कॉफीचा वासही नकोसा झाला. ती तडक कमिटीच्या सेक्रेटरी अपेक्षाताईंकडे गेली. त्यांनी अगत्याने बसवलं.

"अहो, आपण गैरसमज करून घेताय. मेंटेनन्स आम्ही भरतो, तरी त्यांना गाडीत बसू देतोच ना? आणि खरं सांगू, घामाचा वास येतो हो. आपण एकदा बसून बघा."

"आत्ताच बसून आले," कल्याणी म्हणाली. "वास ओकारीचा होता."

तिने परत येऊन जुना नियम लावला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रोहनने तो पुन्हा बदलला होता आणि तिचा पासवर्ड बंद केला होता. तेव्हा ती गेटवर गेली आणि कामाला येणाऱ्या बायकांना सगळं सरळ सांगितलं.

सोजरबाई म्हणाल्या, "म्हंजे यंत्रालाबी सांगून ठिवलं व्हय, आमी कोन ते?"

त्या चालत निघाल्या. मागोमाग बाकीच्याही निघाल्या. दुसऱ्या दिवशीही गाड्या रिकाम्याच फिरल्या. टाउनशिप लांबरुंद, बायका उशिरा पोचू लागल्या. पोळ्या उशिरा, डबे उशिरा, मुलांच्या शाळेच्या बस चुकल्या. आठवडा संपायच्या आत कमिटीची तातडीची बैठक झाली आणि सेटिंग निघालं.

संध्याकाळी टाउनशिपच्या ग्रुपवर मेसेज आला: 'सर्वांना समान सेवा. आपल्या समितीचा आणखी एक संवेदनशील निर्णय.' सोबत गाडीत बसलेल्या सोजरबाईंचा फोटो. त्यांना विचारलं नव्हतं, हे उघडच होतं. खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" रोहन म्हणाला. "मग आता तोंड का वाकडं?"

"पोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या, तर ते सेटिंग काढलं असतंत?"

रोहनने स्क्रीनवर दुसरं काम उघडलं.

तिने बदली मागितली. ती लगेच मिळाली. कंपनीलाही ती तिथे नकोच होती. सोजरबाई पुन्हा गाडीने जाऊ लागल्या. ऊन होतं, गुडघे दुखत होते, आणि हक्काची गाडी सोडायचं त्यांना काही कारण नव्हतं. फक्त चढताना त्या आता कार्ड दाखवत नसत, दारातल्या यंत्रावर आपटत.