जाडोबाची झारी

मित्रांनो, डांबरी जागेवरून चालताना पायाखाली सगळं सपाट लागलं, की तुम्ही खाली बघत नाही. बघूही नका. तसं वाटावं एवढ्यासाठीच मी राबतो. मी एक जुना, हाताने चालवायचा रोलर आहे. रस्त्यावरच्या मोठ्या रोलरचा धाकटा भाऊ म्हणा ना! पुढे एक, मागे एक अशी दोन लोखंडी चाकं, मध्ये इंजिन आणि मागे लांब दांडा. घरापुढची वाट, दुकानापुढची गाड्या लावायची जागा, शाळेचं आवार, अशी लहान कामं माझ्या वाट्याला येतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पिवळाधमक होतो. मालकांनी मला टेम्पोतून घरी आणलं, तर मालकीणबाई दारातच हसायला लागल्या. "अहो, हा तर तुमच्यासारखाच! पोट पुढे आणि आवाज मोठा." त्याच दिवशी माझं नाव जाडोबा पडलं.

आमचं काम असं असतं. खडी आणि डांबराचा गरम माल टेम्पोतून धूर काढत खाली येतो. मालक दाताळ्याने तो पसरतात आणि गार होण्याआधी मी त्यावरून फिरतो. पण मला एक पथ्य आहे. माझी चाकं ओली हवीत. कोरड्या चाकाला गरम डांबर चिकटतं आणि नुकताच घातलेला थर उचकटून वर येतो. म्हणून माझ्या अंगात पाण्याची टाकी आहे आणि चाकांवर पाणी सोडणाऱ्या नळ्या आहेत. त्या नळ्या दुसऱ्याच वर्षी तुंबल्या. मालक म्हणाले, "उद्या करतो दुरुस्त."

मालकीणबाईंनी फुलझाडांची झारी उचलली, माझ्या बाजूने चालत चाकांवर धार धरली आणि काम झकास झालं. मग नळ्यांचा तो उद्या काही उजाडला नाही. एकदा मालकांनी पाना हातात घेतलाही, पण बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. तेवढंच आपलं बरोबर चालणं होतं."

पंचवीस वर्षं आम्ही तिघं असे चाललो. पाणी जास्त पडलं तर माल गार होतो, कमी पडलं तर चिकटतो. किती घालायचं ते बाईंना आवाजावरून कळे. मी जरा चर्र केलं की धार आलीच. मालक मात्र नाकासमोर बघून चालत. लोक म्हणायचे, "काय सफाईदार काम आहे तुमचं!" मालक छाती फुगवून सांगायचे, "हातगुण लागतो त्याला." बाई पदराला हात पुसत म्हणायच्या, "हो ना. आणि माझे हात उगीचच ओले."

त्यांची लेक शिकून नर्स झाली. तिच्या दवाखान्यापुढची गाड्यांची जागा आम्हीच केली होती. काही वर्षांनी तिथे दाराजवळ बोटभर चीर पडली. बाईंना ती आधी दिसली. "डबाभर डांबर ओतलं की बुजेल," त्या म्हणाल्या. मालक म्हणाले, "उद्या करतो." चिरेत पाणी मुरलं, वरून गाड्या गेल्या आणि चिरेचा खड्डा झाला.

मग बाई आजारी पडल्या. मालक त्यांना चाकांच्या खुर्चीतून दवाखान्यात नेत होते आणि मी तिथेच टेम्पोत उभा होतो. खुर्ची खड्ड्यात धाडकन आपटली.

"काय हो, हे काम कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"आपलंच," मालक ओशाळून म्हणाले.

"मग तक्रार कुणाकडे करू?"

"माझ्याकडे कर. तू बरी हो, दोघं मिळून बुजवू."

"मी बरी होवो न होवो, तुम्ही बुजवा," बाई हसत म्हणाल्या. "उद्यावर ढकलू नका."

दोन महिन्यांनी बाई गेल्या. मालकांनी माझ्यावर ताडपत्री टाकली आणि शेडचं दार लावून घेतलं. वर्षभर ते उघडलं नाही. माझ्या दांड्यावर कोळ्याने घर केलं. त्याची मला सोबत होती, पण बोलायला तो काही कामाचा नव्हता.

एका सकाळी शेडबाहेर लेकीचा आवाज आला. "बाबा, काल एका आजोबांची खुर्ची त्याच खड्ड्यात अडकली. ते पडता पडता वाचले." थोड्या वेळाने शेडचं दार उघडलं. ताडपत्री निघाली. कोळ्याला त्यांनी अलगद भिंतीवर सोडलं आणि मला तेलपाणी केलं.

दवाखान्यापाशी त्यांनी खड्ड्याच्या कडा चौकोनी कापल्या, धूळ झाडली, पातळ डांबर फासलं, गरम माल भरला. सगळं पूर्वीसारखं नेटकं. मग माझं इंजिन सुरू केलं आणि नाकासमोर बघत चालू लागले.

मी चर्र केलं. जोरात केलं. धार आलीच नाही. दुसऱ्या फेरीला अख्खा थर सालीसारखा सोलून माझ्या चाकावर आला. मालक बाजूला वळून म्हणाले, "अगं, पाणी..." आणि तिथेच थांबले. झारी घरी होती. आणायचं त्यांना सुचलंच नव्हतं, कारण ती त्यांनी कधी आणलीच नव्हती.

तेवढ्यात दवाखान्याचं दार धाडकन उघडलं. लेक धावत आली, हातात व्हरांड्यातल्या कुंड्यांची झारी. "बाबा, थांबा! कोरडं फिरवताय! आत वॉर्डात ऐकू आलं मला!"

मालक चाकाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, चाकं थोडी तरी ओली असतील..."

"काय वाटलं? आई पंचवीस वर्षं पाणी घालत होती आणि तुम्हाला वाटलं, जाडोबाला घाम येतो?"

मालकांनी तिच्याकडे बघितलं आणि मित्रांनो, ते हसले. पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राहिले. लेकही हसत होती. रांगेतले पेशंट बघत होते, त्यांनाही हसू फुटलं.

टेम्पोत ताडपत्रीखाली थोडा माल अजून गरम होता. मालकांनी माझं चाक खरवडलं, खड्डा पुन्हा भरला. लेकीने धार धरली. पहिल्यांदा तिने फार पाणी ओतलं, तर मालक म्हणाले, "हळू, आंघोळ नाही घालायची." त्या दिवशी ते समोर कमी आणि बाजूला जास्त बघत होते.

संध्याकाळी तेच आजोबा खुर्चीतून आले. खुर्ची भरलेल्या जागेवरून गेली, जरासुद्धा हादरली नाही. "अरेच्चा, इथे खड्डा होता ना?" आजोबांनी विचारलं.

"होता," मालक म्हणाले. "तक्रार आली होती."

आता आम्ही पुन्हा कामं घेतो. मालकांनी माझ्या नळ्या अजून दुरुस्त केलेल्या नाहीत आणि या वेळी ती चालढकल नाही. लेक सुट्टीच्या दिवशी झारी घेऊन येते, त्याच दिवशी आमचं काम असतं.

मित्रांनो, चीर बोटभर असते तेव्हाच बुजवा. यंत्राला वेळेवर तेलपाणी करा. आणि तुमचं काम सफाईदार झालं, लोकांनी वाहवा केली, की एकदा बाजूला बघा. कुणाचे तरी हात ओले असतील. तेव्हाच त्यांना सांगा, की ही सफाई त्यांचीही आहे. मी लोखंडाचा, मला बोलता येत नव्हतं. मी नुसतं चर्र करत राहिलो.