मंदाकिनीबाईंचा मोकळा दिवस

टूरच्या शेवटी व्हिएन्नात एक दिवस मोकळा होता. बाकीची मंडळी खरेदीला निघाली आणि मंदाकिनीबाई एकट्याच शहर बघायला. इकडे सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमधून त्यांच्या सुनेने, स्वरालीने, लगेच फोन लावला.

"आई, लाइव्ह लोकेशन चालू ठेवा हं."

"अगं, मी शहर बघायला चाललेय. तू काय मला बघत बसणार?"

पण ठेवलं त्यांनी चालू. आणि स्वराली खरंच बघत बसली. लेकीला, अवनीला, वरणभात भरवतानाही नजर मोबाइलवर. ठिपका ट्रामबरोबर सुळकन पळाला, मोठ्या चर्चपाशी रेंगाळला, बागेतून रमतगमत गेला आणि एका संग्रहालयात शिरला. तिथे थांबला तो थांबलाच.

तेवढ्यात अवनीने भोकाड पसरलं. आजीच्या गाण्याशिवाय दुपारची झोप तिला येतच नसे. स्वरालीने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. कडेवर रडणारं पोर आणि समोर तो हलत नसलेला ठिपका. पडल्या असतील का? तिने टूर मॅनेजरला गाठलं.

"मॅडम, म्यूझियममध्ये फोन सायलेंटच ठेवतात," तेजस म्हणाला. "मी इकडे लोकांना घेऊन दुकानात आहे."

"अहो, हार्ट पेशंट आहेत त्या!"

तोंडून निघून गेलं. मंदाकिनीबाई रोज सकाळी पर्वती चढून येत.

बऱ्याच वेळाने त्यांचाच फोन आला.

"स्वराली, मला हार्टचं कधीपासून आहे गं?"

स्वरालीने अवनीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"शाळेत मी कॅलेंडरचं पान दाखवून मुलींना चित्रकला शिकवायचे ना, ते बर्फातलं चित्र. आज खरं समोर होतं. जरा बाकावर टेकले, तर तेजसच्या फोनवरून म्यूझियमची दोन माणसं व्हीलचेअर घेऊन हजर. मी नो नो म्हणतेय, ते बसवतायत. सगळं दालन चित्रं सोडून मलाच बघत होतं. तू एकटीनेच का बघायचं!"

"मला काळजी वाटली, आई..."

"काळजीच ना?" अवनीचं मुसमुसणं त्यांना ऐकू गेलं असावं. "झोपत नाहीये वाटतं. दे तिला."

तेजसने परत आणून बसवलेल्या हॉटेलच्या खोलीतून त्यांनी गाणं म्हटलं. अवनी मोबाइलला गाल लावून झोपली. स्वरालीचे कान तापले होते. आपण पहिला फोन कशासाठी लावला होता, ते आता त्यांनाही कळलं होतं.

तिने तेजसला फोन केला. "त्यांना काहीही झालेलं नाही. मी खोटं बोलले. प्लीज, त्यांना परत जाऊ द्या."

"घरचे आता असंच म्हणणार, मॅडम. उद्या विमानात बसेपर्यंत मी त्यांना एकटं सोडणार नाही. काही झालं तर जबाबदार कोण?"

मग तिने सासूबाईंना लिहिलं, 'आई, तेजसला खरं सांगितलं. तो ऐकत नाही. माझं चुकलं.'

दोन्ही टिक्स निळ्या झाल्या. उत्तर बऱ्याच उशिरा आलं.

'लोकेशन चालूच ठेवलंय. बघ.'

तिकडे अजून लख्ख दुपार होती. ठिपका हॉटेलवर होता, आणि त्याच्याकडे बघायची स्वरालीला आता हिंमत होत नव्हती.