जाते नाही, येते

“मंगळवारी तू परत आलीच नाहीस,” दार उघडताच डेलिया म्हणाली.

शुभा दारातच थबकली. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये घरोघरी जाऊन पेशंटची ड्रेसिंग करणारी ती नर्स. डेलियाच्या पायाच्या जखमेसाठी आजची तिची दुसरीच खेप.

“मावशी, माझी व्हिजिट आजच होती ना?”

“निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हणालीस. मी अंधार पडेस्तोवर कॉफी गरम ठेवली.”

शुभानं कपाळाला हात लावला. तिचं इंग्रजी कामापुरतं चोख, पण पायात बूट चढवताना जीभ थेट नागपूरला पोचायची.

“सॉरी मावशी. आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. ‘येते’ म्हणतात. मी त्याचंच ट्रान्सलेशन केलं.”

डेलिया हसली नाही. शुभानं आत येऊन जुनी पट्टी सोडायला घेतली, तशी ती बोलू लागली. ती ओडावा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची. सहा वर्षांची असताना गोऱ्यांच्या बोर्डिंग शाळेची माणसं तिला घरातून घेऊन गेली. आई गाडीच्या काचेशी वाकून एकच शब्द म्हणाली, ‘बामापी’. म्हणजे, नंतर.

“मी रोज खिडकीशी तिची वाट बघत बसायचे. ती आलीच नाही. तिथं आमची भाषा बोललं की मार मिळायचा. सगळे शब्द गेले, हा राहिला. मोठेपणी घरी परतले, पण तिच्याशी धड बोलले नाही. ती वारली तेव्हाही गेले नाही. खोटं बोलली होती ती.”

जखम पुसता पुसता शुभानं विचारलं, “मग तुमच्यात गुडबायला काय म्हणतात?”

“गुडबायला आमच्यात शब्दच नाही. निघताना सगळे ‘बामापी’च…”

डेलिया थांबली. “म्हणजे आईसुद्धा…”

“माझे बाबा ऑपरेशनला आत जाताना ‘येतो’ म्हणाले होते,” शुभा हळूच म्हणाली. “आले नाहीत. पण खोटं नव्हते बोलले ते.”

म्हातारी रडली. पोटभर रडली, नाक पुसलं आणि कॉफी ठेवायला उठली. पट्टी अर्धवट आहे म्हणून शुभानं दटावलं, तर तिलाच म्हणाली, “मग आटप लवकर.” शुभाला इतकं बरं वाटलं की तिनं एरवी न चालणारी साखरेची कॉफीही मुकाट्यानं प्यायली.

“माझी भाची रविवारी उत्तरेला जातेय, आमच्या गावी,” डेलिया म्हणाली. “आईला तिथंच पुरलंय. दर वेळी मला चल म्हणते. या वेळी मी जाईन म्हणते.” मग जरा घुटमळून, “तुमच्यात आईकडे जाताना काय नेतात?”

शुभाला ‘माहेर’ काही इंग्रजीत सांगता येईना. “काहीही चालतं, मावशी. रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच.”

डेलियानं फडताळातून घरच्या ब्लूबेरी जॅमची बाटली काढली. उजेडात धरून पाहिली, परत ठेवली आणि मागची मोठी काढली.