शेवटचा राखाडी चौकोन

“नापास नाही हो काका, पण पासही करता येत नाही,” तपासणी केंद्रातली मुलगी म्हणाली. धूर मोजायच्या आधी तिने स्टिअरिंगखाली वायर जोडून गाडीचा संगणक वाचला होता. “आतली नोंद कोरी आहे. गाडीनं अजून स्वतःलाच तपासलेलं नाही.”

ह्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. तपासणीत अडकू नये म्हणून सकाळीच उस्तादच्या गॅरेजात जाऊन, इंजिनाचं जोर वाढवणारं ट्यूनिंग उतरवून हे कंपनीचं मूळ ट्यूनिंग चढवून आले होते. त्या गडबडीत गाडीची सगळी स्मृती पुसली गेली, हे उस्तादच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“मग आता?”

“उद्या गार इंजिनानं निघा. एका लयीत चालवा. घाई नको, ब्रेक नको. ती आपली आपण तपासत जाते.”

“घाई नको, हे कुणाला सांगतेस, पोरी?” मी म्हटलं.

टॅक्सीच्या परवान्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती हुकली की चूल थंड.

सकाळी माझं नामस्मरण संपेपर्यंत हे दारात उभे राहिले, हेच पहिलं नवल. उस्तादनं दिलेलं छोटं यंत्र जोडल्यावर माझ्या फोनवर राखाडी चौकोन उमटले. एकेक तपासणी पुरी झाली की एकेक हिरवा होणार होता.

“सिग्नलला थांबावं लागणार नाही असा रस्ता कुठला हो?”

असा रस्ता एकच होता, इस्पितळाचा. सासूबाईंना नेताना त्याच चढावर गाडी धापा टाकत राहिली होती. दारात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. त्यांचे दिवस झाले आणि ह्यांनी ट्यूनिंग करून घेतलं. मग गाडी बाणासारखी सुटायची. पण त्या रस्त्याचं भाडं काही हे कधी घेत नसत.

आज तिकडेच वळवली.

मागून ट्रकवाला ओरडला, “काका, झोप लागली का?” एरवी ह्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज नुसता हात दाखवून त्याला पुढे जाऊ दिलं.

एक चौकोन हिरवा झाला. थोड्या वेळानं दुसरा. आत कुणी शांतपणे बसून घराचा एकेक कोपरा झाडून काढावा, कुणी बघत नसतानाही, तसं वाटलं मला. हात आपोआप जुळले.

“काय झालं गं?”

“काही नाही. चालवा.”

चढ लागला. शेवटचा चौकोन तेवढा राखाडी होता. इंजिन कण्हू लागलं, तसा ह्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबायला गेला.

“दाबू नका हं.”

“नाही दाबत.”

मग हे हळूच म्हणाले, “जीव तोडून चढतेय गं. तेव्हाही अशीच चढत असेल. मी उगाच हिच्यावर राग धरला.”

इस्पितळाच्या फाटकापाशी तो चौकोन हिरवा झाला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

दुपारी गाडी पास झाली. गॅरेजात उस्ताद लॅपटॉप उघडून तयारच होता. “बोला काका, चढवू परत ते जोराचं ट्यूनिंग? आत्ता करून देतो.”

ह्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. सासूबाईंच्या कपाळावर ताप बघायला ठेवायचे, तसाच.

“राहू दे,” हे म्हणाले. “दमलीय ती.”