एकाच कमरेला बांधलेला पैसा

मित्रांनो, मी एक जुना कमरेचा कसा आहे. कसा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल देव जाणे! धोतराच्या आत कमरेभोवती बांधायची पैशांची लांबट पिशवी, दोन्ही टोकांना नाड्या. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. माणूस चालला की मी हलतो, बसला की दबतो, झोपला तरी त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत राहतो. त्यात पोटात दुसऱ्याचा पैसा. कुणी नुसतं जवळून गेलं तरी माझ्या जिवाची घालमेल होते. तेव्हा सांगता सांगता मी घाई केली तर रागावू नका, माझा स्वभावच तसा झालाय.

नेकनूरच्या बाजारातल्या एका शिंप्याने मला जाड मांजरपाटाचा शिवला, दुहेरी टीप मारून. विकत घेतलं मन्मथप्पांनी. लिंबागणेशला त्यांचं किराणा दुकान. तेव्हा ते पंचविशीत होते आणि माल भरायला बार्शी, जालना असे सारखे फिरायचे. एकदा एस.टी.च्या गर्दीत कुणीतरी त्यांचा सदऱ्याचा खिसा कापला. चोराच्या हाती काय लागलं, तर सुपारीची पुडी. पैसा माझ्यापाशी सुखरूप. त्या दिवशी दुकानात येईल त्याला त्यांनी मला थोपटून दाखवलं. "बँकेपेक्षा पक्का हाय ह्यो," म्हणाले. मी लई फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

पुढे दुकानात ती काळ्या चौकोनांची पाटी आली. गिऱ्हाईक मोबाइल दाखवायचं आणि शेजारची डबी ओरडून सांगायची, इतके रुपये मिळाले. मला साखरेच्या पोत्यामागे खिळ्याला टांगलं. उंदरांनी एक नाडी कुरतडली. लोकांना वाटतं, टांगलेली वस्तू निवांत असते. कसली निवांत? हाताला काम नसलं की उलट जास्त तगमग होते.

मग एक दिवस मन्मथप्पांच्या बायकोनं, शिवकांतानं, पशुपतिनाथाच्या दर्शनाचं काढलं. बीडचा सुग्रीव दरवर्षी यात्रेकरूंची बस नेपाळला न्यायचा. जेवणखाण, मुक्काम सगळं त्याच्याकडेच. मला खिळ्यावरून उतरवलं, झटकलं, नवी नाडी लावली. माझा आनंद काय विचारता!

मन्मथप्पांचा मुलगा श्रीशैल दुकानातच बसतो. तो म्हणाला, "अप्पा, बँकेचं कार्ड घ्या. थोडे पैसे आईजवळ द्या, थोडे पिशवीत ठेवा. अन् तिकडं आपली कोणती नोट चालती, ते आधी विचारा."

"चाळीस वर्षं धंदा केला मी. पैसा कसा न्यायचा ते तू शिकवणार व्हय मला?"

शिवकांता चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "माझ्याजवळ थोडे असू द्या की. चुकामूक झाली तर?"

"तू एकटी कुठं चाललीस? मी हाय की संगं."

झालं. विषय संपला. गल्ल्यातल्या मळक्या दहा-वीस-शंभराच्या नोटा त्यांनी शेजारच्या दुकानदारांना सुट्टे म्हणून दिल्या आणि त्यांच्याकडून कोऱ्या पाचशेच्या घेतल्या. कमरेला ओझं नको, हा हिशोब. सगळा पैसा माझ्या एकट्याच्या पोटात गेला.

सोनौलीच्या सरहद्दीवर बस थांबली, तेव्हा सुग्रीव पुढे उभा राहून म्हणाला, "काका, मावशी, नीट ऐका. फुडं आपली शंभराच्या वरची नोट चालत न्हाई. आत्ताच बदलून घ्या." त्या दिवसांत तिकडचा कायदाच तसा होता. लोक भराभर उतरले. मन्मथप्पा जागचे हलले नाहीत. शिवकांताच्या कानाशी लागून म्हणाले, "नोटा बदलायचे बी ते पैसे घेतात. त्यात सुग्रीवची वाटणी असणार बघ. मी बी धंदेवालाच हाय, मला कळत न्हाई का?"

आता काय बोलावं! मित्रांनो, माणूस आयुष्यभर ज्या काट्याने तोलतो, त्याच काट्याने दुसऱ्याला तोलतो. सुग्रीवला त्यातून एक छदाम मिळणार नव्हता. पण मला कुठे तोंड होतं? मी त्यांच्या घामट पोटाला चिकटून सरहद्द ओलांडली. दोन दिवस कुठे काही विकत घ्यायचं कामच पडलं नाही. मला मात्र चैन नव्हतं. सारखं वाटायचं, आता कुणी पाणी विकायला येईल, आता कुणी रिक्षाचे पैसे मागेल आणि आपली फजिती होईल.

फजितीवर भागलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन घेऊन बाहेर येताना मन्मथप्पा पायरीवर बसले ते उठेचनात. छातीवर हात, अंग घामानं थबथबलेलं. सुग्रीवनं दोघांना टॅक्सीत घालून जवळच्या दवाखान्यात आणलं. बाकीचे चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या देवळापाशी ताटकळत होते. "उन्हानं झालं असंल. मावशी, बाकीच्यांना मुक्कामावर सोडून तासाभरात येतो," म्हणून तो गेला. तो गेला आणि डॉक्टर बाहेर आले. हृदयाची नस बंद पडलीय, हे इंजेक्शन लगेच द्यायला हवं, खालच्या औषधाच्या दुकानातून आणा, असं त्यांनी हिंदीत सांगितलं आणि चिठ्ठी दिली. "माँजी, जल्दी."

शिवकांताचा हात मला पहिल्यांदा लागला तो त्या वेळी. चाळीस वर्षं एका घरात, पण मला सोडायची मुभा तिला नव्हती. नाडीची गाठ घामानं आवळली होती. तिनं दातांनी सोडवली. मला मुठीत धरून ती जिना उतरली, अनवाणीच.

दुकानदारानं पाचशेच्या नोटा पाहिल्या आणि हात मागे घेतला. "ये नहीं चलेगा, आमा. सौ का नोट दो." तिकडे आईला आमा म्हणतात.

"माझा माणूस वर पडलाय हो," ती मराठीतच म्हणाली. त्याला ते समजलं. त्याचा चेहराही पडला. पण त्यानं मान हलवली.

मी भरलेल्या पोटानं तिच्या मुठीत लोंबत होतो. बँकेपेक्षा पक्का म्हणे! मित्रांनो, मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. माझ्यात होतं ते सगळं त्या घटकेला कागद होतं, आणि वर एका माणसाचा श्वास मोजला जात होता.

शिवकांता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, रडतेय. तर तिनं परकराला आतून शिवलेल्या खिशात हात घातला आणि गाठ मारलेला रुमाल काढला. त्यात नोटा होत्या, शंभराच्या, पन्नासच्या, विसाच्या, आठ-आठ घड्या घालून मऊ पडलेल्या. तिनं त्या काउंटरवर ओतल्या. दुकानदारानं एकेक नोट उलगडली आणि इंजेक्शन दिलं. त्याच पावली ती वर पळाली.

मन्मथप्पा वाचले. दुपारी डोळे उघडले, तर पहिला हात कमरेकडे गेला. मी तिथे नव्हतो, उशाशी पडलो होतो. तोवर सुग्रीव आला होता आणि त्यानं त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी बायकोला विचारलं, "तुझ्याजवळ कुठून आले एवढे?"

"तुमीच दिलेले. घरखर्चाला रोज शंभर, कधी पन्नास. बाईच्या हातात मोठी नोट द्यायची न्हाई, म्हणत होता ना? त्यातले वाचवले. रुद्राणीला शिलाई मशीन घ्यायचं होतं."

रुद्राणी त्यांची लेक, अंबाजोगाईला दिलेली. तिनं दोनदा मशीन मागितलं होतं आणि मन्मथप्पांनी दोन्हीदा नाही म्हटलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गावी परतल्यावर माझ्यातल्या नोटा पुन्हा चालू लागल्या. काय त्यांचा रुबाब! रुद्राणीचं मशीन आलं, ते पोचवायला दोघंही गेले. मला वाटलं, आता मला चुलीत घालतील. पण एका दुपारी मन्मथप्पा मला आणि कात्री घेऊन शिवकांतापुढे येऊन बसले.

"मधून काप."

"अहो, चांगली वस्तू कावून नासवता?"

"काप म्हणतो ना. एक तुला, एक मला."

मित्रांनो, कात्री फिरली तेव्हा दुखलं. एवढ्या वर्षांचं अंग ते. तिनं दोन्ही तुकड्यांची उघडी तोंडं शिवली, नव्या नाड्या लावल्या. तुमच्याशी बोलतोय तो तिच्या कमरेचा तुकडा. रुद्राणीचा नवरा आता मस्कतला नोकरीला आहे. पुढच्या महिन्यात शिवकांता लेकीच्या बाळंतपणाला तिकडे निघालीय, एकटी. श्रीशैलनं माझ्यात बँकेचं कार्ड ठेवलंय, तिकडचे थोडे रियाल आणलेत. थोडे पिशवीत वेगळे आहेत. ती रोज उघडून बघते आणि मी रोज दचकतो. विमानतळावर तपासणीत मला काढायला लावतील का, ट्रेमध्ये विसरतील का, एक ना दोन.

तुम्हीही एक दिवस परमुलखात जाल. तिथे काय चालतं ते निघण्याआधी विचारा, विचारायची लाज धरू नका. सगळा पैसा एका जागी ठेवू नका. माझ्यासारख्या जुन्या चिंध्यांना जपलंत तर उपकार होतील, नाही जपलंत तरी आमची तक्रार नाही. पण घरातून कुठेही निघताना आईला एवढं जरूर विचारा, तुझ्याजवळ पैसे आहेत का. ती 'आहेत' म्हणाली, तरी 'दाखव' म्हणा.