छत्तीस कोऱ्या फ्रेम

दादाने मला बोलावलं ते बहीण म्हणून नव्हे, मिस्त्री म्हणून. फोनवर म्हणाला, "बाबांचा कॅमेरा विकतोय. गिऱ्हाईक म्हणतंय, दुरुस्तीवाल्याचा शब्द पाहिजे. अर्ध्या तासात ये." एवढं बोलून ठेवलासुद्धा.

हत्यारांची पेटी घेऊन, वाटभर त्याला शिव्या देत मी गेले.

गिऱ्हाईक आईच्या पलंगावर बसलं होतं, हातात पांढरे मोजे घालून. आई खुर्चीत मटार सोलत होती. दादा दाराशी हाताची घडी घालून उभा होता, घर स्वतः बांधल्यासारखा.

"माझ्याकडे असे बेचाळीस आहेत," गिऱ्हाईक म्हणालं. "काचेच्या कपाटात. आत दिवे लावलेत."

"फोटो काढता त्यांनी?"

"छे हो ताई! झिजतील ना."

"मग लोणचं घाला त्यांचं."

"बारके, तोंड आवर," दादा म्हणाला. "काम कर."

मी कॅमेरा हातात घेतला. आठ वर्षांनी. वजन तेच.

या कॅमेऱ्याचं वेड माणसाला का सोडत नाही, ते मोजेवाल्याला सात जन्मांत कळायचं नाही. वरच्या बारीक खिडकीतून बघायचं. मधोमध पिवळट चौकोन असतो, त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक आकृती जराशी सरकलेली. भिंगाची कडी फिरवत नेली की दोन्ही आकृत्या एकमेकींवर येऊन बसतात. बसल्या की दाबायचं. डोळ्यांपुढे क्षणभरही अंधार होत नाही आणि आवाज चुटकीएवढाही नसतो. चौकटीबाहेरचंही दिसत राहतं, त्यामुळे कोण आत येतंय ते आधीच कळतं. दहाव्या वर्षी मी ते दोनाचं एक झालेलं पाहिलं आणि कामातून गेले. आजही माझ्या दुकानात पोरंपोरी असले कॅमेरे घेऊन येतात तेव्हा त्यांच्या तोंडावर मला तेच दिसतं. हसायला येतं आणि हेवाही वाटतो.

खोड एकच. ती खिडकी भिंगातून बघत नाही, भिंगाच्या शेजारून बघते. भिंगावर झाकण राहिलं तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं. म्हणून बाबा दर फोटोआधी ओरडायचे, "झाकण?"

मरताना त्यांनी हा कॅमेरा दादाला दिला. माझ्या देखत म्हणाले, "बारकीच्या हातात देऊ नकोस. ती फिल्म नासवते."

नासवलेली फिल्म एकच होती. आई पस्तीस वर्षं नर्स होती. आठ वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी, शेवटचा युनिफॉर्म अंगात असताना, आईबाबांना बाकावर शेजारी शेजारी बसवून दादाने छत्तीस फोटो काढले. फिल्म मी न्हाणीघरात धुतली. नवीनच शिकले होते, तेही पुस्तकात बघून. डब्यातून काढली तर काचेसारखी कोरी. दादाने ती हिसकावली. "औषध बिघडवलंस. आईचा दिवस घालवलास." मी रडले आणि मानलंही. पुढे धंद्यात पडल्यावर शंका आली, फिल्म मागितली. म्हणाला, केव्हाच फेकली.

आता मी कॅमेऱ्याची चामड्याची पेटी तपासायला घेतली. अस्तराचा एक टाका उसवलेला होता. बोट घातलं. आत गुंडाळी.

खिडकीशी धरली. चित्र एकही नाही. पण कडेला, भोकांच्या ओळीजवळ, कंपनीने छापलेले आकडे काळेभोर. एक, दोन, तीन, थेट छत्तीस.

"दादा, इकडे ये. हे वाच."

"आकडे आहेत. बरं मग?"

"औषध बिघडलं असतं तर आकडेही उमटले नसते. धुलाई चोख आहे. फिल्मवर उजेडच पडला नाही. तू झाकण काढलं नव्हतंस."

दादाचा चेहरा उतरला. "छत्तीस फोटो? आणि समोर बसलेल्यांना दिसलं नसतं?"

मटाराच्या शेंगांचा आवाज थांबला होता.

"आई?"

"दिसत होतं," आई मान खाली घालून म्हणाली. "सकाळी हा ह्यांच्यावर खेकसला होता ना, मला शिकवू नका म्हणून. मी सांगायला गेले तर ह्यांनी माझा हात दाबला. 'गप. त्याचं त्याला कळू दे.' मला वाटलं, एकदोन फोटोंत कळेल. कळलंच नाही. मग सांगायची लाज वाटली."

"आणि मी नासवली म्हणताना? तेव्हा नाही वाटली लाज?"

"तू धाकटी. तू ऐकून घेत होतीस."

म्हणजे दादाने फेकलेली फिल्म बाबांनी उचलून अस्तरात शिवून ठेवली आणि मरेपर्यंत मला दोषी ठरवलं. शेजारी बसून हिने ठरवू दिलं. आठ वर्षं मी लग्नकार्यात, बारशात, कुणी फोटो म्हटलं की मागे सरकत होते.

"हा घरातला विषय दिसतोय," गिऱ्हाईक उठत म्हणालं. "कॅमेरा चालतो ना, तेवढं सांगा."

"बसा. दाखवते."

माझ्या खिशात फिल्म कायम असते. भरली. फिल्म पुढे सरकवायचा दांडा दोनदा ओढला. आईच्या समोर उभी राहिले, झाकण लावलेलंच ठेवून, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. कडी फिरवली. दोन आया सरकत सरकत एक झाल्या. सुरकुत्या, चष्मा, मांडीवर मटार. लख्ख.

मी थांबले. आई थेट भिंगाकडे बघत होती. दादाही बघत होता. बोट खटक्यावर ठेवून मी मनात मोजायला लागले. अकरा झाले.

"झाकण," आई म्हणाली. आवाज फाटला होता. "झाकण काढ गं."

मी तसाच खटका दाबला. पहिली कोरी फ्रेम बाबांच्या नावाची.

मग झाकण काढून दादाच्या हातात कोंबलं. "धर. आणि जाऊन बस तिच्या शेजारी."

"मी कशाला?"

"बस म्हटलं ना."

तो बसला. दोघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. मला काही घाई नव्हती.

"ताई, माझं काय?" मोजेवाला म्हणाला. "शब्द?"

"कॅमेरा चोख आहे. पण विकायचा नाही. हो ना रे दादा?"

दादा झाकण मुठीत आवळून जमिनीकडे बघत राहिला. नाही म्हणाला नाही.

"वर बघा दोघं," मी म्हणाले. "पस्तीस उरलेत."