मुका लॅपटॉप

आंधळ्या बाईला मुका लॅपटॉप देणं म्हणजे काय, हे देणाऱ्यांना कळलं नाही आणि फोटो काढणाऱ्यांनाही नाही. दोन हजार चौदा सालची गोष्ट. यवतमाळच्या एका सभागृहात आम्हा अपंगांना ओळीनं उभं केलं, हातात एकेक पिशवी दिली. पिशवीत लॅपटॉप आणि नेटसाठी डोंगल. कोणीतरी माझी हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडं फिरवलं. मग ओळ पुढं सरकली.

मी सत्यशीला. मला जन्मापासून दिसत नाही. नागपूरच्या वसतिगृहात मी कॉम्प्युटर शिकले. पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम असतो, आपण ऐकायचं आणि बोटांनी टाइप करायचं. तिथं लिनक्स होतं, कोणाच्या मालकीची नसलेली फुकटातली सिस्टीम. या लॅपटॉपवरही तेच होतं, फक्त आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा प्रोग्राम, बसलेला नव्हता. म्हणजे माझ्यासाठी तो लॅपटॉप नव्हताच, पाट होता.

"तुले दिसत नाही, त्याले बोलता येत नाही. जोडी चांगली जमली," संघदीपदादा म्हणाला. दादा लोहाऱ्याच्या एका कारखान्यात जातो. निघताना पायात बूट घालत त्यानं फर्मान काढलं, "आज आवाज आला तर आला. नाही तर संध्याकाळी आल्यावर लॅपटॉप घेतो अन् यवतमाळले दुकानात नेतो. फॉरमॅट मारून विंडोज टाकतो. कोणाच्या कामी तरी येईल."

कोणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मला त्या लॅपटॉपवर वाचायचं होतं. बस, एवढंच. आजवर मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचत आले, आणि दुसऱ्याचे डोळे लबाड असतात. दादा पेपर हातात घेतो, वरच्या दोन ओळी वाचतो आणि म्हणतो, बाकी काही नाही त्यात. चार पानांच्या पेपरात काही नाही? तुला नसेल, मला असेल. पण पेपर तोवर घडी होऊन खाटेखाली गेलेला असतो.

त्या दिवशी रुपालीवहिनी कापूस वेचायला गेली नाही. "एक दिवस तुह्या डोळ्यांची मजुरी करतो," म्हणाली आणि माझ्याजवळ बसली. नागपूरला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या जीवन सरांना फोन लावला, साध्या बटणांच्या मोबाइलचा स्पीकर चालू करून मधात ठेवला. मी टाइप करायचं, वहिनीनं पडद्यावरचं वाचायचं, सरांनी सांगायचं.

"लॅपटॉप साउंड कार्ड सापडत नाही म्हणतो?" सर म्हणाले. "मग नवा ड्रायव्हर नेटवरून उतरवावा लागेल. डोंगल लावा."

डोंगल लावलं.

"गोल चकतीचं चित्र आलं," वहिनी म्हणाली. "सीडी होय वाटते."

"तेच तर. हे डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणवतं. विंडोजवाल्यांसाठी पोटात प्रोग्राम घेऊन फिरतं. त्याची सीडी बाहेर काढली की ते नेट देणारं मोडेम होतं. सत्यशीला, इजेक्ट मार."

मी मारला. खटकन लॅपटॉपच्या कुशीतून ट्रे बाहेर आला आणि वहिनीच्या मनगटावर आदळला.

"आगं माय! तुटला वो, बाई! तुहा दादा जीव घेतीन माहा!"

"तुटला नाही, वहिनी. त्याची स्वतःची सीडीची जागा उघडली."

"मंग मले काहून मारते थे?"

सर फोनवर हसत होते. मला हसू आलं नाही. मला लॅपटॉपला दोन्हीतली दुसरी, डोंगलची सीडी बाहेर काढायला सांगायचं होतं, आणि दुसरीचं नाव पडद्यावर होतं, आणि पडदा वहिनीकडं होता.

"काय लिहिलं आहे?"

"इंग्रजीत हाये लय. कामाचं नाही काही."

"कामाचं हाये का नाही थे मी ठरवीन, वहिनी. तू अक्षर सांग."

तिला राग आला. मला कळतं, राग आल्यावर ती नाकानं श्वास घेते. पण तिनं एकेक अक्षर सांगितलं. मी नाव टाइप केलं, ट्रे बाहेर आला नाही, आणि डोंगलचा हिरवा दिवा निळा झाला असं वहिनी ओरडली. मोडेम झालं होतं. सरांनी सिमच्या कंपनीचा नेटचा पत्ता भरायला लावला. नेट रांगत आलं. ड्रायव्हर उतरायला दुपार गेली. मधात वहिनीनं भाकरी टाकल्या, बाबांना वाढलं, परत येऊन बसली.

ड्रायव्हर बसला, लॅपटॉप बंद करून चालू केला. आवाज नाही.

"आवाज कमीजास्त करायचे खांब उघड," सर म्हणाले. "कसे आहेत?"

"सगळे भरलेले हायेत. हिरवेगार. वर लाल."

"मग आवाज यायला पाहिजे," सर म्हणाले. फोनचा बॅलन्स संपत आला होता. मला रडू येत होतं, आणि रडताना कोणी बघावं हे मला आवडत नाही. कोण बघतंय हे मला कळत नाही म्हणून तर अजिबात आवडत नाही.

"वहिनी, खांबाच्या खाली काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"बाकीच्याखाली शून्य शून्य हाये. पहिल्याखाली एम एम. थे काय सांगाचं?"

"म्यूट!" सर फोनमधून ओरडले. "एम दाब!"

दाबला. वाचणारा प्रोग्राम चालू केला. आणि त्या पाटातून लाकडी आवाजाचा एक माणूस इंग्रजीत बोलला. बाबा खाटेवरून म्हणाले, "कोण आलं वो? साहेब होय का?"

मी तो माणूस तीनदा बोलायला लावला. पडद्यावर काय आहे, ते मला कोणी सांगत नव्हतं. मी ऐकत होते. घड्याळ, बॅटरी, कचऱ्याचा डबा, सगळं. वहिनी म्हणाली, "कचऱ्याचंही सांगते?" मी म्हटलं, "हे काही गाळत नाही."

दादा संध्याकाळच्या बसनं आला. उंबऱ्यातच त्यानं आवाज ऐकला. "अरे वा! बोलला का मुका? बरं झालं, दुकानाचा फेरा वाचला. सरक जरा." मला विचारलं नाही, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि खिशातला पेनड्राइव्ह लावला. दिवसभर शिफ्ट केली, आता पिक्चर पाहतो म्हणाला.

त्यानं पेनड्राइव्ह उघडला. लाकडी माणूस बोलला, "कंपनी काम. फोल्डर."

दादानं फोल्डर उघडला. माणूस एकेक नाव वाचू लागला. इंग्रजी अक्षरातली हिंदी नावं, तोडून तोडून, सगळ्या घराला ऐकू जातील अशी. ती नावं मी इथं देत नाही. लाज वाटते म्हणून नाही, छापणारा कापेल म्हणून. चार नावं झाली, पाचवं सुरू झालं. बाबांनी खाटेवर कूस बदलली. वहिनीचं लसूण सोलणं थांबलं.

"आवाज बंद कर त्याचा," दादा म्हणाला.

"पुन्हा वाचू दे," वहिनी म्हणाली.

"सत्ते, बंद कर म्हणतो ना!"

"आवाज बंद केला तर मले दिसत नाही, दादा."

त्यानंच बटण दाबलं. मी हात नेऊन पुन्हा दाबलं. माणूस जिथं थांबला होता तिथून सहावं नाव वाचू लागला. दादानं पेनड्राइव्ह उपटला, मग डोंगलही उपटलं.

"सिम माह्या नावावर हाये," तो म्हणाला. "तुले बोलणारं डबडं पाह्यजे होतं ना? घे. बोल त्याच्यासंग." चपला वाजल्या, फाटक वाजलं.

वहिनीनं लसणाची टरफलं गोळा केली. मग हळू म्हणाली, "बाई, नसतं बोललं थे तर बरं होतं."

दिवसभर तिनंच मला डोळे दिले होते. दादाचं तिला माहीत नव्हतं असं नाही. ऐकलेलं नव्हतं, एवढंच.

नेट गेलं होतं. लॅपटॉपमध्ये वाचण्यासारखं सिस्टीमचं मदतीचं पुस्तक तेवढं होतं, इंग्रजीतलं, रटाळ. मी ते पहिल्या ओळीपासून लावलं. वहिनी तिथंच होती. मी आवाज कमी केला नाही.